इंडक्शन शेगडी: ज्योत दिसत नाही, मग आचेचा अंदाज कशावरून घ्यायचा?

जास्वंदी

इंडक्शन नव्याने वापरायला लागलेल्यांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. 'सगळं करपतं' आणि 'काही धड शिजतच नाही'. कधीकधी तर दोन्ही एकाच घरातून! मला दोन्हींचं मूळ एकच वाटतं. ज्योत बघून आच ठरवायची डोळ्यांना सवय असते. इंडक्शनवर ज्योत नाही, म्हणून आपण आकडे बघायला लागतो, आणि आकडा ज्योतीचं काम करू शकत नाही. बघायचं असतं ते भांड्याकडे. शेगडी सुरक्षित वापरण्याचा मुद्दाही बराचसा इथेच येतो, म्हणून दोन्हींसाठी एकच धागा काढते आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी गुंडाळी असते. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हेलकावे घेते, शेगडीतलं सर्किट तिचे वीस हजारांहून जास्त हेलकावे करून ती या गुंडाळीत सोडतं. त्यातून वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर लोखंडाचं किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचं बूड आलं की त्या बुडात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरायला लागतात आणि बूड स्वतःच तापतं. काच आपली आपण तापत नाही. भांडं तापतं आणि त्याची धग काचेला लागते.

म्हणजे उष्णता भांड्यातच जन्माला येते. गॅसवर ज्योतीची बरीचशी धग भांड्याच्या कडेने निघून जाते. इंडक्शनवर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के भांड्यात पोचते. त्यामुळे 'मध्यम आच' हा शब्द इथे तसाच्या तसा चालत नाही. पातळ बुडाचं पॅन, त्यात दोन चमचे तेल आणि शेगडी २००० वॅटवर, एवढं जुळलं की मिनिटभरात धूर दिसतो. तोवर गॅसवर आपण कांदा चिरत असतो.

माझी रीत अशी: तेल तापवायचं तर सुरुवात मधल्या किंवा त्याखालच्या पायरीवर. तेल पातळ होऊन पॅनभर सहज पळायला लागलं की पदार्थ टाकायचा आणि मग पायरी वाढवायची, कारण आता ती उष्णता घ्यायला भांड्यात काहीतरी आहे. पाणी उकळायचं असेल तर मात्र पहिल्यापासून पूर्ण जोर. पाणी चुकून करपत नाही.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा.

वाटसरू

चांगला विषय. माझी अडचण भांड्यांची आहे. दुकानात चुंबक लावून बघितला, चिकटला, म्हणून पातेलं घेतलं. घरी शेगडी कधी भांडं ओळखते, कधी नाही. ओळखलं तरी २००० वर ठेवूनही पाणी रेंगाळत उकळतं. चुंबक चिकटला म्हणजे चालायला हवं ना?

जास्वंदी

वाटसरू, चुंबक ही पहिली चाळणी, शेवटची नाही. तो कसा चिकटतो ते बघा. खटकन बसला आणि ओढून काढावा लागला तर उत्तम. हळूच टेकून राहिला, बोटाने सहज सरकला, तर बुडात चुंबकीय थर पातळ आहे किंवा फक्त मधोमध एक चकती बसवलेली आहे. चुंबक बुडाच्या मध्यापासून कडेपर्यंत फिरवून बघा. मधेच पकड सुटत असेल तर तेवढाच भाग तापणार.

दुसरं, बुडाचा व्यास. बऱ्याच शेगड्या साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड ओळखत नाहीत. पातेल्याचं तोंड मोठं आणि बूड निमुळतं असेल तर मोजायचं बूड, तोंड नाही.

तिसरं, सपाटपणा. पातेलं उलटं करा आणि स्टीलची पट्टी बुडावर आडवी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. बूड मधोमध आत गेलेलं असेल तर ते काचेपासून उचललेलं राहतं. मग जोर कमी पोचतो. शिवाय तापमान मोजणारा छोटा सेन्सर काचेच्या खाली मधोमध असतो, तोही फसतो. ही शेवटची गोष्ट तळणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, त्याबद्दल पुढे लिहीनच.

स्टीलबद्दल आणखी एक. ज्याच्यावर १८/१० लिहिलेलं असतं ते स्टील चुंबकाला दाद देत नाही, कारण त्यात निकेल असतं. त्याच्या भांड्याला खाली चुंबकीय स्टीलचा वेगळा थर दिलेला असेल तरच ते इंडक्शनवर चालतं. नुसतं ॲल्युमिनियम, तांबं, काच, माती यांची भांडी चालत नाहीत.

दूधसाय

ती लोखंडी चकती मिळते ना, शेगडीवर ठेवायची आणि वर कुठलंही भांडं चालतं? जुनी ॲल्युमिनियमची भांडी टाकून द्यायला जीव होत नाही.

जास्वंदी

चालते, पण मला ती आवडत नाही. तिने इंडक्शनची गंमतच जाते. आधी चकती तापणार, मग तिच्यावरून भांडं. आच कमी केली तरी चकती तापलेलीच, म्हणून पदार्थ शिजत राहणार. आणि चकतीवर पुरेसं भरलेलं भांडं नसेल तर ती स्वतः फार तापते, ती धग काचेतून खाली उतरते आणि आतल्या भागांचं नुकसान करते. वापरायचीच तर कमी जोरावर, मंद शिजणाऱ्या गोष्टींसाठी. रोजच्या कामाला एक चांगलं जाड, सपाट बुडाचं पातेलं आणि एक पॅन घ्या. जुनी भांडी ठेवणीला राहू द्या, टाकायची गरज नाही.

तारमास्तर

वायरिंगचं काम करतो, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. इंडक्शनच्या ज्या तक्रारींसाठी मला बोलावतात त्यांत शेगडी क्वचितच दोषी असते. दोषी असतो प्लग आणि सॉकेट.

हिशोब सोपा आहे. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. तेही अर्धा-पाऊण तास सलग. मोबाइलच्या चार्जरसाठी असलेल्या हलक्या सॉकेटमध्ये, किंवा भलताच प्लग बसवायला लावलेल्या ॲडॅप्टरमध्ये हा प्रवाह सोडला की आतल्या पट्ट्या तापतात, ढिल्या होतात, ढिल्या झाल्या की आणखी तापतात. हे चक्र थांबत नाही. शेगडी बंद केल्यावर प्लगच्या पिनांजवळ हात नेऊन बघा. किंचित कोमट चालेल. हात ठेववत नाही, प्लॅस्टिक पिवळं किंवा तपकिरी पडलंय, माशासारखा वास येतोय, यांपैकी काहीही दिसलं तर त्या सॉकेटमध्ये ती शेगडी पुन्हा लावू नका.

जड उपकरणासाठीचं सॉकेट, अर्थिंगसकट. एक्स्टेंशन बोर्ड नको. नाइलाजच असेल तर जाड तारेचा, तेवढ्या अँपिअरचा, आणि रिळावरची तार पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर जात नाही. एकाच बोर्डावर इंडक्शन आणि किटली एकत्र तर मुळीच नको.

शेगडीला किंवा भांड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर 'थोडा करंट आहे' म्हणून वापरत राहू नका. बंद करा, अर्थिंग तपासून घ्या.

जास्वंदी

तारमास्तर, अगदी मनापासून आभार. हे पहिल्या पोस्टमध्ये असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

रानफूल

माझा प्रश्न दुधाचा. सगळ्यात कमी पायरीवर ठेवलं तरी मधूनच उसळी मारतं, मग बसतं, परत उसळी. खाली लागतं ते वेगळंच. शेगडी खराब आहे का?

जास्वंदी

खराब नाही, रानफूल. बऱ्याच सुट्या शेगड्यांचा हा स्वभाव आहे, आणि तो कळला की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

अशा शेगड्यांना साधारण १००० वॅटच्या खाली सलग चालता येत नाही. तुम्ही ३०० वॅट निवडलेत तर ती १००० वॅटवर काही सेकंद चालते, मग काही सेकंद पूर्ण थांबते. सरासरी ३०० येते. पातेल्यात थोडं पाणी घेऊन सगळ्यात कमी पायरीवर ठेवा आणि कान देऊन ऐका. गुणगुण सुरू होते, बुडाशी बुडबुडे येतात. गुणगुण थांबते, बुडबुडे विरतात. परत सुरू. पाण्याला याचं काही वाटत नाही, दुधाला वाटतं, कारण प्रत्येक झटक्यात बुडाजवळचं दूध जास्त तापतं.

उपाय भांड्यात आहे. जाड, थरांचं बूड घ्या. ते झटका आपल्यात मुरवून वर एकसारखी धग देतं. आणखी कमी आच हवी असेल तर कढईभर पाण्यात दुधाचं भांडं ठेवून तापवा. नवीन शेगडी घेणार असाल तर कमी पायरीवर ती सलग चालते की थांबत-थांबत, हे घेतानाच पाणी ठेवून बघा. माझ्या मते हे बघणं कमाल वॅट बघण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. २००० आणि २२०० मधला फरक रोजच्या स्वयंपाकात जाणवतही नाही. मंद आच नीट मिळते की नाही, हे मात्र रोज जाणवतं.

वाटसरू

हे कुणीच सांगत नाही! आता कळलं, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या अशा अडखळत का येतात.

जास्वंदी

हो, तेच कारण. कुकरला पूर्ण दाब आला की जोर एकदम कमी करा, पण झटके सुरू होतील इतका कमी नको. आणि कुकर पहिल्यापासून पूर्ण जोरावर ठेवला तर दाब इतका पटकन येतो की आतलं धान्य शिजायला वेळच मिळालेला नसतो. शिट्ट्या मोजायची सवय सोडून दाब आल्यापासूनची मिनिटं मोजा.

पाटीपेन्सिल

तापमानाची बटणं असतात त्याबद्दल काय? माझ्या शेगडीवर १८० निवडलं की १८० लाच राहतं. तळणासाठी मी तेच वापरतो, निर्धास्त.

जास्वंदी

पाटीपेन्सिल, निर्धास्त या शब्दाला माझी हरकत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो सेन्सर तेलात नसतो. काचेच्या खाली असतो. तेल, भांड्याचं बूड, काच आणि मग सेन्सर असा प्रवास करून उष्णता त्याच्यापर्यंत पोचते, म्हणजे त्याला खबर उशिरा मिळते. बूड मधोमध वर उचललेलं असेल तर भांडं आणि काच यांच्यात हवा राहते आणि खबर आणखी उशिरा पोचते. तेल थोडंच असेल तर ते फार भराभर तापतं. तेल १८० च्या बरंच पुढे गेलेलं असताना शेगडी अजून जोर लावत असते, असं होऊ शकतं. आगीचा धोका तिथे आहे. स्वयंपाकाचं तेल धूर देण्याच्या पलीकडे तापत राहिलं तर ज्योतीशिवाय, आपोआप पेट घेतं. इंडक्शनवर ज्योत नाही म्हणून आग लागणार नाही, हा समज काढून टाकायला हवा.

तळताना माझे नियम पक्के आहेत. सपाट, जड बुडाचं भांडं. तेल तळाला लागण्यापुरतं नाही, पुरेसं खोल, पण भांड्याच्या निम्म्यापेक्षा वर नाही. तेलात बुडवायचा थर्मामीटर. आणि जागेवरून हलायचं नाही, फोन आला तरी नाही. धूर दिसला की लगेच बंद.

पेटलंच तर: शेगडी बंद करता आली तर करा, घट्ट बसणारं झाकण कडेने सरकवत वर ठेवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. पाणी कधीही नाही. पेटलेल्या तेलात पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चारी बाजूंना उडतं. भांडं उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्नही नको. आवाक्याबाहेर जात असेल तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवा.

पाटीपेन्सिल

पटलं. थर्मामीटर आणतो.

सांजवारा

नॉनस्टिक पॅनला इंडक्शन चालतं का? बूड इंडक्शनचंच आहे.

जास्वंदी

चालतं, पण रिकामं कधीही तापत ठेवू नका. तो लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामं पॅन इंडक्शनवर तिथवर फार लवकर पोचतं. आणखी तापलं तर निघणारा धूर माणसांना त्रास देतो आणि घरात पाळलेले पक्षी असतील तर त्यांच्या जिवावर बेततो. आधी तेल किंवा पदार्थ, मग आच.

बिडाची भांडी उत्तम चालतात. फक्त खालच्या पायरीवर दोन-चार मिनिटं तापू द्या, मग जोर वाढवा. एकदम पूर्ण जोर दिला तर मधला भाग तापतो, कडा गारच राहतात, आणि त्या ताणाने बीड तडकू शकतं. बिडाचं भांडं काचेवरून ओढू नका, उचलून ठेवा.

आच कुठे पडते हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रिकाम्या, कोरड्या लोखंडी तव्यावर चिमूट-दोन चिमूट पीठ पातळ भुरभुरवा आणि खालच्या पायरीवर ठेवा. (नॉनस्टिकवर हे करू नका.) पीठ आधी तपकिरी होतं ते कड्याच्या आकारात. मधे पांढरा ठिपका राहतो, बाहेर पांढरी किनार राहते. गुंडाळी कड्यासारखी असते, तिचीच ही छाप. तुमच्या तव्याचं कडं किती रुंद आहे हे एकदा बघून ठेवलं की पदार्थ कधी फिरवायचा ते बरोबर कळतं.

वडीलधारे

माझ्या पत्नीला पेसमेकर आहे. घरात इंडक्शन आणावं की नाही यावर मुलं आणि मी यांच्यात एकमत होत नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

जास्वंदी

काका, निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्या. पेसमेकरचा प्रकार त्यांना माहीत असतो. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला असा आहे की शेगडी आणि पेसमेकर यांच्यात किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर राहावं. उभं राहून करताना हे अंतर वाटतं त्यापेक्षा कमी भरतं, आणि भांड्यात वाकून बघितलं की ते सरळ मोडतं. म्हणून ओट्यावर टेप लावून एकदा मोजूनच घ्या. काकूंनी चालू शेगडीवर वाकायचं नाही, शेगडी ओट्याच्या मागच्या बाजूला सरकवायची. भांडं काचेवर आखलेलं वर्तुळ पूर्ण झाकेल एवढं आणि बरोबर मधोमध हवं, कारण उघड्या राहिलेल्या भागातून चुंबकीय क्षेत्र जास्त बाहेर येतं. ढवळायला लाकडी चमचा. एवढं सांभाळणं जड वाटत असेल तर शेगडीवरचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं.

वडीलधारे

धन्यवाद ताई. डॉक्टरांना हे सगळं दाखवतो.

दूधसाय

एक युक्ती: काचेवर वर्तमानपत्र अंथरून वर भांडं ठेवते. काच तापतच नाही म्हणतात, मग कागदाला काय होणार! पुसायचं कामच उरत नाही.

तारमास्तर

दूधसाय, कृपा करून हे थांबवा. काच आपण होऊन तापत नाही, पण भांडं तापतं आणि कागद त्यालाच चिकटलेला असतो. पाणी उकळेपर्यंत काही होणार नाही. तेल, कोरडं भाजणं, रिकामं झालेलं भांडं, यांत कागद करपतो आणि पेटूही शकतो. शेगडीच्या खालीही कागद, प्लॅस्टिक, कापड नको. पंखा खालून हवा ओढतो, कागद तिथे चिकटला की हवा बंद. मग शेगडी मधेच बंद पडते आणि लोक म्हणतात बिघडली. मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा. पत्र्याच्या टेबलावर ठेवू नका, पत्राही तापू शकतो.

वर्षातून एकदा खालची जाळी बघा. तेलकट धूळ आणि झुरळं, दोन्ही आत जाऊन सर्किट बोर्ड खराब करतात. आतून उघडण्याचं काम मात्र माहीतगाराकडूनच करून घ्या, प्लग काढल्यावरही आत काही काळ वीज साठलेली असते.

जास्वंदी

सफाई अशीही सोपी आहे. थंड झाल्यावर ओलं मऊ फडकं, मग कोरडं. पाण्याचे पांढरे डाग पडले तर थोडा व्हिनेगर. तारेची घासणी नको. अपवाद एकच: साखरेचा पाक सांडला तर थंड व्हायची वाट बघू नका. शेगडी बंद करून, हात सांभाळून, काचेच्या खरवडणीने गरम असतानाच काढा. थंड झालेला पाक काचेचा टवका घेऊन निघतो.

काचेवर चमचे, झाकणं, ॲल्युमिनियमची फॉइल ठेवायची सवय असेल तर मोडा. फॉइल तर वितळून काचेला चिकटू शकते.

सांजवारा

मोठा घूं आवाज येतो, विशेषतः पूर्ण जोरावर. आणि काचेला कोपऱ्यात केसासारखी रेघ आहे, नखाला लागते. दोन्हींचं काही नातं?

तारमास्तर

आवाज सहसा भांड्याचा असतो, बुडाचे थर थरथरतात. भांडं बदलून बघा, आवाज बदलेल. त्याची काळजी नको. पण रेघ नखाला लागत असेल तर ती तडा समजा. आजपासून ती शेगडी वापरू नका. तड्यातून सांडलेलं पाणी थेट वीज असलेल्या भागावर जातं, आणि तापलेली तडकलेली काच भांड्याच्या वजनाने कधीही बसू शकते. भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, आणि काच बदलून मिळते का विचारा. टेप किंवा गोंद लावून भागवू नका.

रानफूल

विजेचं बिल किती वाढतं?

जास्वंदी

आकड्यात बघू. २५ अंशांचं १ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. ८५ टक्के धरले तर २००० वॅटच्या शेगडीवर ३ मिनिटांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे साधारण एक दशांश युनिट. तुमच्या दराने गुणा.

खरी वीज वाया जाते ती उकळी आल्यानंतर. पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. तरी पूर्ण जोर चालू ठेवला तर मिनिटाला जवळजवळ ४५ मिलिलिटर पाण्याची नुसती वाफ होते. तांदूळ त्याने लवकर शिजत नाहीत. उकळी आली की झाकण ठेवा आणि पायरी इतकी खाली आणा की पाणी जेमतेम हलत राहील.

वाटसरू

शेवटचं एक. काम झालं की मी लगेच भिंतीवरचं बटण बंद करतो. बरोबर ना?

तारमास्तर

थोडं थांबा. आधी शेगडीवरच्या बटणाने बंद करा. आतला पंखा एक-दोन मिनिटं चालू राहतो, तो आतली उष्णता बाहेर काढत असतो. पंखा थांबला की मग भिंतीवरचं बटण बंद करा. आणि लहान मुलं घरात असतील तर तेव्हाही काच गरम असते हे लक्षात ठेवा. बटण बंद झालं की काही शेगड्यांवरचा गरमपणाचा दिवाही विझतो, काच मात्र तशीच तापलेली असते.